शनिवारचं विचारणं

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन होत नव्हतं, आणि हे मला लग्नाआधी कोणीही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी लग्न मोडलं असतं असं नाही, पण निदान कारण तरी विचारलं असतं. मी नगरच्या मिशन बोर्डिंगात वाढलेली. तिथे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन व्हायचंच, इतकं ठरलेलं की आम्हा मुलींना त्याचं काही वाटायचंही नाही. इथे, जुन्नरहून घोडेगावाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या या खेड्यात, टेबल होतं, त्यावर घालायचा पांढरा कपडा होता, पितळेचा पेला चिंचेने घासून लख्ख ठेवलेला होता. फक्त येशूच्या आठवणीची भाकर मोडली जात नव्हती.

का, ते सांगायचं तर आधी आमच्या मंडळीची रीत सांगावी लागेल.

मंडळी लहान होती. एक घर कुणब्याचं, दोन-तीन घरं मढच्या बाजूच्या डोंगरातून खाली आलेल्या कोळ्यांची, बाकी सगळी महारवाड्यातली. पहिल्या पिढीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना एक भीती होती आणि ती खोटी नव्हती. आपण एका पंगतीला बसू, एका पेल्यातून पिऊ, पण मनाने ज्याच्या त्याच्या अंगणातच राहू, अशी ती भीती. म्हणून त्यांनी स्वतःचा एक नियम केला. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, जुन्नरहून प्रभुभोजनासाठी यायचे त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दिवस मावळायच्या आधी सगळ्यांनी शाळेत जमायचं. शाळा हेच आमचं देऊळ. मग एकेकाने उभं राहून म्हणायचं, "माझ्या मनात कोणाविषयी काही नाही." असेल, तर त्या माणसाचं नाव घ्यायचं. मग दोघांनी बाहेर चिंचेखाली जाऊन काय ते मिटवायचं आणि हात धरून आत यायचं. सगळ्यांचं झालं की दुसऱ्या दिवशी टेबल मांडायचं. एक जरी माणूस गप्प राहिला, वाक्य म्हणेना आणि नावही घेईना, तर कोणासाठीच मांडायचं नाही. याला सगळे "विचारणं" म्हणत. दुसऱ्या कुठल्याही मंडळीत ही रीत मी पाहिली नाही. पुढे एकदा एका मडमसाहेबांना सांगितली तर त्या म्हणाल्या, फारच कडक आहे. त्यांच्याकडे जातीच नव्हत्या, त्यांना काय कळणार!

बाप्तिस्मा घ्यायला आलेल्या माणसाला आमचे म्हातारे वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, एक प्रश्न हमखास विचारत. देवाला मानायला माणूस एकटाही पुरे, मग मंडळी कशाला पाहिजे? माणूस गडबडून जायचा. कोणी म्हणे प्रार्थनेला, कोणी म्हणे एकमेकांचं ओझं उचलायला, कोणी म्हणे शुभवर्तमान सांगायला. वडील सगळ्याला मान हलवत आणि मग स्वतःचं उत्तर देत, "येकट्याला खोटं बोलाया सोपं जातं बाबा. धा जनांत अवघड जातं. म्हनून मंडळी."

ही दुसरी गोष्ट. आमची माणसं खोटं बोलत नसत. हे मी कौतुकाने सांगत नाही, जसं होतं तसं सांगते. गावात बांधावरून भांडण झालं तरी पाटील म्हणायचे, त्या ख्रिस्त्याला बोलवा, तो काय म्हणतो ते ऐकू. ज्या गावाने आम्हाला विहिरीच्या काठावर येऊ दिलं नाही, त्याच गावाने आमचा शब्द मात्र घेतला. आमच्याकडे जमीन नव्हती, मान नव्हता. शब्द होता, आणि मंडळी त्याला जपून होती.

माझे यजमान त्या शाळेचे मास्तर आणि मंडळीचे उपदेशक. गाव त्यांना मास्तरच म्हणे, म्हणून मीही इथे तेच म्हणते. उंच, किडकिडीत, बोलायला बसले की समोरच्याला झोप येईपर्यंत बोलणारे. पण एक गोष्ट सांगायला हवी. प्रभुभोजनासाठी ते अक्षरशः झुरत. रविवारी उपासना संपली की तो रिकामा पेला पुसून पुन्हा फडताळात ठेवायचे आणि नंतर बराच वेळ कोणाशी बोलायचे नाहीत.

जी बाई गप्प राहत होती ती त्यांची आई. माझ्या सासूबाई.

माझा पहिला शनिवार मला स्वच्छ आठवतो. एकेक जण उठत होता, म्हणत होता, बसत होता. मीही म्हटलं. नवी नवरी, माझ्या मनात कोणाविषयी काय असणार? नंतर सासूबाई उठल्या. पदर सारखा केला. समोर भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या आणि काही न बोलता खाली बसल्या. कोणी दचकलं नाही. म्हातारे पाळकसाहेब उठले, म्हणाले, "बरं, थांबू या," आणि टेबलावरचा कपडा घडी करू लागले. जुन्नरच्या मारवाड्याकडून आणलेल्या मनुका भिजत घातल्या होत्या, द्राक्षरसाच्या जागी आमच्याकडे तेच पाणी असायचं. ते पोरांना वाटून टाकलं. पोरं खूश झाली.

मी घरी येऊन मास्तरांना विचारलं, "आईंच्या मनात कोणाविषयी आहे?" ते म्हणाले, "ठाऊक नाही." आणि ते खोटं बोलत नसत.

एखादी गोष्ट कोणाविषयी आहे हे कळत नसलं की ती सगळ्यांविषयी होते. कोळ्यांच्या घरांना वाटे, पहिल्या प्लेगात आपण त्यांच्या दारावरून पाणी न देता गेलो, तेच असणार. कुणब्याच्या घराला वाटे, आपण तिच्या हातचं खाताना अजून थोडे अडखळतो, ते तिने पाहिलंय. म्हाताऱ्या वडिलांना वाटे, आपलंच काही चुकलं. सगळे तिला आधी सलाम करत, तिच्या ओसरीवर भाजी ठेवून जात, आणि पाठ फिरली की तिच्यावर चिडत. वर्षांमागून वर्षं मंडळी अशी एका म्हातारीच्या तोंडाकडे बघत बसली होती. मला तर आल्यापासून त्या घरात धड श्वास घेता आला नाही.

सासूबाई माझ्याशी चांगल्या वागत. तोंडाने फटकळ, पण हाताने मऊ. एक मात्र विचित्र होतं. त्या मास्तरांशी सरळ बोलत नसत. "त्याला सांग, भाकर वाढलीया." "त्याला इचार, पाळक कवा येनार." मास्तर समोरच बसलेले असायचे. मला आधी वाटलं ही इकडची रीत असेल, सासरी काय काय रीती असतात कोणाला ठाऊक. मी थट्टाही केली एकदा, की मला टपालखात्यात नोकरी लागलीय. दोघंही हसले नाहीत.

मुलगी झाल्यावर कळलं. सासूबाई लांब पाय करून, पायांवर बाळीला घेऊन न्हाऊ घालत होत्या. मी पाणी ओतत होते. बाळीच्या पायाला हात लावता लावता त्या एकदम म्हणाल्या, "धाकट्याच्या पायाला काटा लागला व्हता. बाभळीचा. पाय सुजला, त्यानं जांघंत अवधान आलं, ताप आला. ती पलेगाची गाठ नव्हती पोरी. म्या हातानं काटा काढला, मला कळंना व्हय?"

धाकटा म्हणजे मास्तरांचा पाठचा भाऊ. पहिल्या प्लेगात गेला एवढंच मला माहीत होतं. बाकीचं त्या दिवशी ऐकलं. तेव्हा सरकारची सक्ती होती. घरोघर शिपाई येत, आजारी सापडला की जुन्नरच्या प्लेगच्या दवाखान्यात नेत, आणि तिथून परत आलेला कोणी कोणाला माहीत नव्हता. सगळं गाव आजारी माणसं लपवत होतं, कोणी माळ्यावर, कोणी कडब्याच्या गंजीत. सासूबाईंनी धाकट्याला कणगीमागे निजवलं आणि वर गोधड्या टाकल्या. शिपायांच्या साहेबाने दारात उभं राहून विचारलं, घरात कोणी आजारी आहे का? मास्तर तेव्हा नुकतेच उपदेशक झालेले. ते म्हणाले, "आहे."

"त्यानं कणगीकडं बोट केलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "एवडं 'हाय' म्हनला. बाकीचं शिपायांनी केलं."

मी तांब्या खाली ठेवला. मग विचारलं, "आई, मग विचारण्यात नाव का घेत नाही?"

त्यांनी बाळीला उचलून फडक्यात गुंडाळलं. "नाव घेतलं तर चिंचंखाली जाऊन काय मिटवू? त्यानं काय चोरी केली? मंडळीनं शिकवलं तेच केलं त्यानं. म्या पन तेच शिकवलं त्याला. आन काई न्हाई म्हनू, तर खोटं व्हतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू बोलू नगं त्याला. त्याला ठावं न्हाई, हे बरं हाय."

मी बोलले नाही. पण आता मला रोज दिसू लागलं की मास्तर भावाची आठवण काढत, देवाने नेला म्हणत, आणि त्या वेळी सासूबाई उठून बाहेर जात.

पुढल्या साली म्हातारे पाळक थकले आणि नवे आले. तरुण, स्वच्छ कोटातले, घरी दोन लहान मुलं. वाईट माणूस नव्हता. त्यांना वाटलं, एका बाईसाठी सगळी मंडळी उपाशी ठेवायची हे काही बरं नाही. दिवाळी झाल्यावर ते आले, विचारणं झालं, सासूबाई उठल्या आणि तशाच बसल्या. तेव्हा पाळकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पुढच्या वेळी मी येईन तेव्हा बाईंनी वाक्य म्हणावं किंवा नाव घ्यावं. दोन्ही जमत नसेल तर त्यांना मंडळीतून बाहेर ठेवावं लागेल आणि आपण टेबल मांडू. "मास्तर, बाहेर ठेवल्याचं पत्र तुम्हालाच वाचून दाखवायचं आहे," असंही म्हणाले. ज्यांनी जुनी जात सोडली, ज्यांना जुने लोक परत घेणार नाहीत, त्यांना मंडळीने बाहेर ठेवलं तर ती माणसं जाणार कुठे? मेल्यावर पुरणार तरी कुठे? हे सगळ्यांना कळत होतं, आणि तरी बरीच डोकी होकारार्थी हलली. मला त्या डोक्यांचा फार राग आला.

आणि मग उंदीर मरून पडू लागले.

पहिला शाळेत सापडला, फळ्याखाली. मास्तरांनी चिमट्याने उचलून जाळला. त्याच आठवड्यात बातमी आली की बोरीला माणसं पडतायत, पिंपळवंडीचा बाजार बंद झालाय. शेजारच्या गावाने साथ पुढे घालवायला मरीआईचा गाडा ढकलत ढकलत आमच्या शिवेवर आणून सोडला. सकाळी लोक उठून बघतात तर हळदीकुंकवाने माखलेला तो लहानसा लाकडी गाडा आमच्या हद्दीत उभा. आम्ही ख्रिस्ती, असलं काही मानत नव्हतो. तरी त्या रस्त्याने पाणी आणायला जाताना मी बाळीवर पदर घेतला, हे खरं आहे.

पाटलांनी गाव मोकळं करायला लावलं. सगळे माळावर झोपड्या घालून राहिले. आमच्या झोपड्या शेवटी, ओढ्याच्या अंगाला. सरकारची पहिली सक्ती आता राहिली नव्हती, पण पाटलांनी गावापुरता नियम केला की ज्याला ताप येईल त्याला ओढ्यापलीकडच्या झोपड्यांत ठेवायचं, आणि पलीकडे गेलेल्याने साथ सरेपर्यंत अलीकडे यायचं नाही. साधा ताप घेऊन गेलेल्यालाही तिथे गाठ येत होती. ओढ्यात घोट्याएवढं पाणी. पण त्या पाण्याकडे बघायला नको वाटायचं.

रोज सकाळी पाटील आणि प्लेगचा म्हणून पाठवलेला एक डॉक्टर फेरी करत. प्रत्येक झोपडीत शिरत, घोंगड्या उचलत, बायामाणसांच्या काखा चाचपत. बायकांची रड आमच्यापर्यंत ऐकू यायची. आमच्या झोपड्यांत मात्र कोणी शिरत नव्हतं. पाटलांनी डॉक्टरला सांगून ठेवलं होतं, हे लोक खोटं बोलत नाहीत. ते मास्तरांच्या दारात येत, "मास्तर, हाय का कोनी?" एवढंच विचारत. मास्तर सगळ्या मंडळीच्या वतीने सांगत, आणि ते पुढे जात. आमच्या एकाही बाईच्या अंगाला हात लागला नाही. पूर्वजांनी जपलेला शब्द असा उपयोगी पडत होता. पाळकांचाही निरोप आला होता, साथ असली तरी शनिवारी येतो, अशा वेळी तर प्रभुभोजन हवंच.

त्या शनिवारच्या आधी, आठवड्याच्या मधेच, बाळीला ताप भरला.

पहाटे तिचं अंग भाजत होतं. गाठ दिसत नव्हती, पण तान्ह्या पोराला गाठ आधी दिसतेच असं कुठे आहे? सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं. मी मास्तरांना बाहेर नेलं. "पाटलांना काय सांगणार?" मी विचारलं. ते म्हणाले, "मला कळत नाही." मी त्यांचे दोन्ही हात धरले. "नाही म्हणा. एकदाच. आयुष्यात एकदा." त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत, आणि मला वाटलं ते म्हणतील. मी आत येऊन बाळीवर गोधडी ओढली. सासूबाई आमचं बोलणं ऐकत होत्या, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

उन्हं वर आली. पाटील आले. "मास्तर, हाय का कोनी?"

मास्तर दारात उभे. मला त्यांची पाठ दिसत होती. पाटलांनी पुन्हा विचारलं. मागच्या झोपड्यांतून आमची माणसं ऐकत होती. मग मास्तरांचा आवाज आला, "आहे."

मी ओरडले की नाही आठवत नाही. ओरडले असेन. नवऱ्याचा इतका तिरस्कार मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात सासूबाईंनी बाळीला माझ्या मांडीवर ठेवलं, घोंगडी अंगाभोवती गुंडाळली आणि मास्तरांना बाजूला सारून त्या बाहेर गेल्या. "मीच हाय पाटील," त्या म्हणाल्या. "अंगात ताप हाय." डॉक्टर पुढे झाला. पाटलांनी त्याला अडवलं, "ऱ्हाऊ द्या. ही मान्सं खोटं बोलत न्हाईत."

मास्तरांनी तोंड उघडलं. तेव्हा सासूबाई त्यांच्याकडे वळल्या आणि मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलल्या.

"तू बोललास तेवडं लई झालं," त्या म्हणाल्या. "आता गप ऱ्हा."

आणि ते गप्प राहिले. त्या आपल्या पायांनी चालत ओढ्याकडे गेल्या, लुगडं जरा वर खोचलं, आणि पलीकडे गेल्या. मास्तर दारात खाली बसले. त्यांना आता कळलं होतं की आईच्या मनात कोणाविषयी आहे.

बाळीच्या अंगावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुरळ उठलं. गोवर होता. ताप उतरला, ती दूध मागू लागली. मी हसले आणि रडले. मास्तर शनिवारी सकाळी उठून पाटलांकडे गेले आणि सगळं सांगितलं. आजारी होती ती मुलगी, आई नव्हे, आईला परत येऊ द्या. पाटलांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "मास्तर, ह्ये मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं." पलीकडे गेलेल्याला नियमाप्रमाणे आणता येणार नव्हतं. तो नियम एकासाठी मोडला तर सगळं गाव मोडेल. आणि लगेचच्या फेरीत डॉक्टर आमच्या प्रत्येक झोपडीत शिरला. म्हाताऱ्या वडिलांच्या सुनेची काख चाचपली तेव्हा वडील बाहेर उघड्यावर बसून लहान मुलासारखे रडले.

संध्याकाळी पाळक आले. आम्ही माळावरच जमलो. एकेक जण उठून म्हणू लागला, पण आवाजात राग होता. मास्तरांची पाळी आली. त्यांनी वाक्य म्हटलं नाही. पहिल्या प्लेगातलं आणि आताचं, सगळं उभं राहून सांगितलं. "आईच्या मनात मी आहे," ते म्हणाले. "तुमच्यापैकी कोणीही नाही. कोणीच नव्हतं." त्यावर सगळे खाली बघू लागले. ज्यांनी इतकी वर्षं स्वतःला बोल लावला होता त्यांना हायसं वाटलं असेल, पण ते कोणाच्या तोंडावर दिसलं नाही.

पाळक उठले. शेवटी ते म्हणाले, बाईंना मंडळीतून काढायचं नसेल तर त्यांना विचारायला तर हवं. सगळे ओढ्यावर गेलो. पलीकडे सासूबाई एका झोपडीच्या दारात मडकं घेऊन बसल्या होत्या, आतल्या माणसांना पाणी पाजत. कुठल्या जातीची माणसं होती देव जाणे. तिथे कोणी हात मागे घेत नव्हतं. पाळकांनी तोंडाभोवती हात धरून हाक मारली, "बाई, तुमच्या मनात कोणाविषयी काही आहे का?"

त्यांनी मान वर केली. आम्हा सगळ्यांना नीट बघून घेतलं. मग ओरडल्या, "हिकडं येऊन इचारा!"

कोणी हललं नाही. पाळकांचा एक पाय पुढे झाला, मी पाहिला, आणि तो परत मागे आला. घरी दोन लेकरं होती त्यांची, मी त्यांना दोष देत नाही. थोडा देते. म्हातारे वडील पाण्याकडे बघत होते. मी बाळीला छातीशी धरून उभी होते.

मास्तरांनी वहाणा काढल्या. मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "जाऊ नका." त्यांनी बाळीच्या डोक्याला हात लावला आणि पाण्यात उतरले.

"मागं फिर!" सासूबाई मडकं ठेवून उठल्या. "तान्ही पोर हाय तुजी! फिर मागं, याडा झालास का रं!" ते चालत राहिले. पलीकडे पोचल्यावर सासूबाईंनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. तो आम्हाला अलीकडे ऐकू आला. मग दोघं तिथेच काठावर बसली आणि बोलत राहिली. काय बोलली ते मला पुढेही कोणी सांगितलं नाही. पाळकांनी प्रार्थना केली आणि आम्ही झोपड्यांकडे परतलो. त्या रविवारी टेबल मांडलं नाही, पण कोणाची तक्रारही नव्हती.

मग रोज दिवस मावळताना मी ओढ्यावर जायची. मास्तर पलीकडून ओरडून विचारायचे, "बाळी दूध पिते का?" मी म्हणायची, पिते. ते पाणी भरत, मेलेल्यांना उचलत, आणि बोलायला कोणी मिळालं की अजूनही तितकंच बोलत. मला वाटू लागलं होतं की सुटतील. एका संध्याकाळी त्यांच्याऐवजी सासूबाई काठावर आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, उद्या येऊ नगंस." मला कळलं. मी दुसऱ्या दिवशी गेलेच, पण पलीकडे कोणी दिसलं नाही.

मास्तरांना सासूबाईंनी तिथेच पुरलं. साथीतून उठलेल्या एका कोळ्याने खड्डा खणला, माती त्यांनी स्वतः लोटली. पलीकडे प्रार्थना म्हणायला त्यांच्याखेरीज दुसरं कोणी नव्हतं.

उन्हं तापल्यावर साथ ओसरली. झोपड्या मोडल्या, गाव घरी परतलं. सासूबाई आल्या, धडधाकट. मी त्यांना पाहिलं आणि मला आधी राग आला. ही का वाचली, ते का नाहीत, असं मनात आलं. मग त्यांनी बाळीला घेतलं आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून खूप रडले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

पाळक आले. शनिवारी शाळेत जमलो. फळ्यासमोर मास्तरांची जागा रिकामी होती. एकेक जण उठला. मी उठले, आणि जे म्हणायचं ते म्हटलं, कसं म्हटलं माझं मला माहीत. मग सासूबाई उठल्या. कोणी त्यांच्याकडे बघायला धजत नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "माझ्या मनात कोनाइषयी काय न्हाई." आणि बसल्या.

दुसऱ्या दिवशी पांढरा कपडा अंथरला. पाळकांनी भाकर मोडली. इतकी वर्षं सगळे जिची वाट बघत होते ती समोर होती, आणि कोणाचा हात पुढे होईना. सासूबाईंनी आपला तुकडा उचलला, त्याचा अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "खा. त्यानं लई वाट बघितली हिची."

मी खाल्ला.